निवळलेलं पाणी

१

आमच्या घरी सकाळी पहिला मान चहाला नाही, पाण्याला. हेमंत उठला की तोंड न धुता बैठकीत येणार, काचेच्या टाकीचा दिवा लावणार आणि काचेला नाक लावून उभा राहणार.

"उर्मिला, आज पाणी कसं वाटून राहिलं?"

"ओलं," मी म्हणणार. मग तो चिडणार, आणि तो चिडला की मला दिवस बरा सुरू झाल्यासारखा वाटणार.

हेमंत माझा नवरा. पांढुर्ण्यात त्याचं मोटारपंप आणि पाइपांचं दुकान. इकडच्या संत्र्याच्या बागांना पाणी पोचवण्यात त्याचा जन्म गेला, आणि हौस काय, तर समुद्र घरात आणायचा! आम्ही दोघं एकाच कॉलेजात होतो, म्हणून मी त्याला अरेतुरे करते. सासूबाईंना ते आजही खपत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते, तेव्हा घरात शंका काढायचं काम माझ्याकडे.

टाकी त्याने बैठक आणि आतली खोली यांच्या मधल्या भिंतीत बसवली होती. चांगली भिंत फोडून. दोन्हीकडून काच, मध्ये पाणी. बैठकीत उभं राहून पाहिलं की पोवळ्यांच्या मधून आतल्या खोलीतली त्याची वेताची खुर्ची दिसायची. झाकण आतल्या खोलीच्या बाजूने उघडायचं. दुकान बंद करून आला की हा माणूस शर्टाची बाही वर करून तिथे उभा. आरओच्या पाण्यात समुद्राचं मीठ कालवायचं, काचेवरचा हिरवा थर चुंबकाच्या घासणीने काढायचा, कापडी गाळणी धुवायची, घाणीचा फेस जमतो ती वाटी उपसायची. त्या वाटीचा वास! मी नाकाला पदर लावून म्हणायची, "समुद्र असा वास मारत असेल तर बरं झालं, आपण दूर राहतो."

"पाणी साफ ठेवायचं म्हणजे घाण काढत राहायची," तो म्हणायचा. "दुसरं काही नसते त्यात."

मला ती टाकी आवडायची, हे मी त्याला कधी म्हटलं नाही. केशरी माशांची जोडी त्या पोवळ्यात अंग घासायची तेव्हा मी वह्या तपासायच्या सोडून पाहत बसायची.

२

पोळा झाला आणि एक दिवस वीज गेली ती गेलीच. पंप बंद, सगळं बंद. वीज आली तेव्हा टाकीतलं पाणी ताकासारखं पांढरं झालं होतं. मासे दिसेनात. पंपाचा कुठला तरी भाग जळाला म्हणून हेमंत सकाळच्या गाडीने नागपूरला गेला, जाताना दहादा सांगून गेला, "कोणी हात नका लावू."

सासूबाई, चंद्रकला नाव त्यांचं, दुपारी उठल्या आणि न्हाणीतून तुरटीचा खडा घेऊन आल्या.

"आई, हे काय करून राहिल्या?"

"काय म्हणजे? पाणी निवळून राहिली. पावसाळ्यात नदीचं पाणी लाल यायचं, तं पाण्याच्या पितळी गुंडात तुरटी फिरवायची अन् झाकून ठेवायचं. आमचा जन्म गेला त्याच पाण्यावर. कोण मेलं?"

"अहो, ते मिठाचं पाणी आहे. मासे मरतील."

"मासे आताच कोणते दिसून राहिले!" त्या म्हणाल्या, आणि पदर खोचून खडा धरलेला हात पाण्यात घालून गोल गोल फिरवायला लागल्या. मीही फार अडवलं नाही. मलाही त्या पांढऱ्या पाण्याकडे पाहवत नव्हतं.

संध्याकाळी हेमंत आला. बैठकीत पाय ठेवला आणि तिथेच थांबला. आता घर डोक्यावर घेते, म्हणून मी तयारीत होती. पण तो हळूच म्हणाला, "उर्मिला, पाणी कुठे गेलं?"

पाणी होतं. वरपर्यंत होतं. पण इतकं साफ, की आहे असं वाटत नव्हतं. पोवळी नुसत्या हवेत उभी, मासे हवेत तरंगून राहिलेले. आतल्या खोलीतल्या वेताच्या खुर्चीची वीण न् वीण मोजता आली असती. मासे जिवंत होते, टुणटुणीत. सासूबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या. "पाहा," त्या म्हणाल्या, "अन् म्हणे नागपूर!"

मी वर्गात शिकवते ते असं, की तुरटीने गढूळपणा नाहीसा होत नाही. तो एकत्र येऊन जड होते आणि तळाशी बसते. म्हणून रात्री झोपायच्या आधी मी वाकून टाकीचा तळ पाहिला. रेती पांढरीशुभ्र होती. गाळ कुठेच नव्हता.

३

त्यानंतर साफ करायला काही उरलंच नाही. काचेवर हिरवं धरेना. कापडी गाळणी जशी लावली तशी कोरी. वाटीत फेस नाही, वास नाही. हेमंत तरी रोज बाही वर करून हात घालायचाच.

"कायची सफाई करून राहिला रे?" मी विचारायची.

"सवय झाली. आणि हात आत गेला की बरं वाटते गं. डोक्यातली सगळी किटकिट बसून जाते."

एकदा दुकानातले गुणवंताभाऊ पंप पाहायला आले. जुने माणूस, सासऱ्यांच्या वेळेपासूनचे. ते उभे असतानाच हेमंतने दाखवायला म्हणून एक केशरी मासा जाळीत धरला आणि वर काढला. जाळी खाली वाकली होती. हलत होती. तिच्यातून पाणी ठिबकत होतं. आणि आत काही नव्हतं.

"निसटला वाटते," गुणवंताभाऊ म्हणाले.

हेमंतने जाळी पुन्हा पाण्यात बुडवली. मासा जाळीतच होता. जाळीतून बाहेर आला आणि जोडीदाराकडे पोहत गेला.

हेमंत हसला. गुणवंताभाऊ नाही हसले. मी मनात कारणं शोधत राहिली. प्रकाश वाकते, नजर चुकते, ओली जाळी जडच लागते. एकेक कारण बरोबर होतं. पण त्या रिकाम्या जाळीचं हलणं मी पाहिलं होतं.

४

मग हेमंतच्या शर्टांच्या कॉलरी मळायच्या थांबल्या.

आधी मी खूश झाली. पंप खोलणाऱ्या माणसाचे कपडे धुणं काय असते, ते माझं मला माहीत. आता शर्ट जसा घालून गेला तसा परत. उशीला त्याच्या तेलाचा वास येईना. न्हाणीतून ओल्या पायांनी तो खोलीभर फिरायचा आणि मी ओरडायची. आता फरशी कोरडी. मला वाटलं, चाळिशी उलटल्यावर सुधारला बिचारा.

दुकानात एक शेतकरी काउंटरसमोर उभा राहून गुणवंताभाऊंना विचारत होता, "हेमंतभाऊ कुठी गेले?" हेमंत काउंटरच्या मागेच बसला होता. त्याने घरी येऊन मला हे हसत सांगितलं. मी म्हटलं, "ऊन लागलं असेल त्या माणसाला." पण त्या रात्री मी त्याचा हात हातात घेऊन झोपली. हात स्वच्छ होता. नखात एवढंही काळं नाही. इतक्या वर्षांत त्याची नखं अशी मी कधी पाहिली नव्हती.

सासूबाई म्हणाल्या, जामसांवलीला जाऊन येऊ. मी नाही म्हणणारी बाई. शाळेत पोरांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावते. तरी निघाली. मारुतीचं दर्शन घेतलं, बाहेर आलो, टपरीवर बसलो. चहावाल्याने दोन चहा आणून ठेवले.

"तीन सांगितले होते, भाऊ."

"तिसरं कोण हाय, ताई?"

हेमंत आमच्या दोघींच्या मध्येच बसला होता. त्याने हात वर केला, "अरे, मी हाय ना!" चहावाला दचकला, डोळे चोळले. "माफ करा, लक्षच नाही गेलं." तिसरा चहा आला. हेमंतने तो प्यायला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला एकदम भीती वाटली. खरीखुरी भीती. कारण चहावाल्याने विचारल्यावर मलाही मान वळवून पाहावं लागलं होतं, की तो आहे का.

५

मृणाल, आमची पोरगी, नागपूरला शिकते. रविवारी व्हिडिओ कॉल करते. हेमंत माझ्या खांद्याला खांदा लावून बसला होता.

"आई, बाबा कुठे आहेत?"

"हे काय, इथे."

"कुठे? बोलाव ना."

"अगं पोरी, तुझ्याशी बोलूनच राहिलो मी!" हेमंत म्हणाला.

"आवाज येऊन राहिला, पण बाबा फ्रेममध्ये या ना. काय लपाछपी खेळता!"

मी फोनच्या कोपऱ्यातल्या लहान चौकटीत पाहिलं. तिथे मी होती. माझ्या शेजारी सोफ्याचं कव्हर होतं, बसल्यावर पडते तसा खड्डा पडलेलं. मी नेटवर्कचं कारण सांगून फोन ठेवला.

मग मी भांडली. रडली, ओरडली, त्याच्या पाया पडायची राहिली. "उद्यापासून त्या पाण्यात हात नाही घालायचा. माझी शपथ आहे तुला."

"मग साफ कोण ठेवणार?"

"साफ करायला आहे काय त्यात? सांग ना! काय काढतोस तू त्यातून?"

लहान पोरासारखं तोंड झालं त्याचं. "मी नाही काही काढत," तो म्हणाला. "तेच काढून राहिलं. आणि खरं सांगू का, मला बरं वाटून राहिलं."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आली तर चपला दारात. घरात हाक मारली. आतल्या खोलीतून आवाज आला, बारीक, "इथेच तर आहे." आत गेली. खोली रिकामी. वेताची खुर्ची रिकामी. स्वयंपाकघर पाहिलं, न्हाणी पाहिली, परसात जाऊन आली. पुन्हा आवाज आला, "अगं, इथेच."

बैठकीत येऊन मी टाकीच्या काचेतून पाहिलं.

हेमंत खुर्चीत बसला होता. बाही वर केलेली. माझ्याकडे पाहून त्याने हात हलवला.

मी पळत आत गेली. खुर्ची रिकामी. पळत बैठकीत आली. तो बसला होता, आणि माझ्या पळापळीला हसून राहिला होता.

६

मला एकच सुचलं. पाण्याने नेला, तर पाणीच नको.

सासूबाई दुपारच्या झोपेत होत्या. मी टाकीखालच्या कपाटातून पाइप काढला, टोक अंगणातल्या नालीत सोडलं आणि कॉक फिरवला. पाणी जायला लागलं. बैठकीत येऊन मी काचेसमोर उभी राहिली. वाटलं होतं, पाणी उतरेल तसा तो सुटेल, आतल्या खोलीतून "काय करून राहिली" म्हणत बाहेर येईल, मी त्याला दोन शिव्या देईन आणि चहा टाकेन.

तो खुर्चीतून पाहत होता. मी काय करते आहे ते त्याला कळलं असावं. "उर्मिला," तो म्हणाला, "थां..."

तेवढंच. पाण्याची रेघ काचेवर उतरत खाली आली होती, त्याच्या हनुवटीपर्यंत. रेघेच्या खाली त्याचा गळा, शर्ट, हात, गुडघे. रेघेच्या वर खुर्चीची पाठ. मोकळी. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर स्वच्छ दिसत होतं.

मी हलू शकली नाही. रेघ आणखी उतरली. खांदे गेले. त्याचे हात गुडघ्यांवर होते, ते आता घट्ट आवळले गेले. मग एक हात उचलला गेला, काहीतरी सांगायला, थांबवायला, कोण जाणे. मनगटापर्यंत वर आला आणि पंजा रेघेच्या वर जाऊन नाहीसा झाला.

"माय वो!" मी ओरडली. कॉककडे धावताना कपाटाच्या कोपऱ्याने पाय फुटला, ते नंतर कळलं. कॉक बंद केला. कालवून ठेवलेल्या मिठाच्या पाण्याचा ड्रम आतल्या खोलीत होता. बादल्या भरभरून ओतल्या. त्या रिकाम्या खुर्चीला माझा पदर लागत होता आणि मी बडबडत होती, "आली रे, आली, थांब जरा."

पाणी वर आलं. बैठकीत जाऊन पाहिलं. तो होता, डोक्यापासून पायापर्यंत. पण डोळे मिटलेले, आणि छाती अशी वरखाली होत होती की पाहणाऱ्याला धाप लागावी. पुष्कळ वेळाने त्याने डोळे उघडले. त्यानंतर तो बोलला नाही.

७

मी शाळेत रजा टाकली. गुणवंताभाऊंना सांगितलं, हेमंत इंदूरला माल पाहायला गेला. आता टाकी मी पाहायची. हवेने उडेल तेवढं पाणी वरून घालायचं, हात मात्र बुडवायचा नाही. पाणी एक बोट कमी झालं की त्याच्या कपाळावरचे केस जायचे. मी तेवढंही जाऊ देत नव्हती.

सासूबाईंना मी काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. एका दुपारी त्यांनी बैठकीतलं स्टूल काचेजवळ ओढलं आणि तिथे बसून तांदूळ निवडायला लागल्या. मध्येच मान वर करून म्हणायच्या, "वाळला वो माझा हेमंता." आम्ही दोघी त्याच्यासमोर जेवायचो. सांगायला लाज वाटते, पण मी सुखात होती. संध्याकाळी काचेवर हात ठेवला की तोही पलीकडून हात उचलायचा. माणसं याहून कमी गोष्टींवर संसार करतात.

दिवाळीच्या सुट्टीला मृणाल यायची होती. मी तिला कळवलं, बाबा बाहेरगावी आहेत, तूही पुढच्या आठवड्यात ये. ती त्याच दुपारी दारात.

"सरप्राइज!" बॅग टाकली, आजीच्या गळ्यात पडली. मी चटकन टाकीसमोर उभी राहिली. तिने तिकडे पाहिलंच नाही. भूक लागली म्हणत स्वयंपाकघरातून सरळ आतल्या खोलीत गेली. तिचा आवाज यायला लागला. "आई, बाबा कधी येणार? माझ्यासाठी काय केलं? अगं बाई, टाकी काय मस्त झाली!"

मी वळून काचेतून पाहिलं.

पलीकडे मृणाल झाकण उघडून उभी होती. तिच्या मागे हेमंत खुर्चीतून उठला होता. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा उठला.

"मृणाल, बाजूला हो."

"एक मिनिट. एक पान पडलं आहे आत. काढते ना, बाबा करतात तसं." ती बाही वर करायला लागली.

"हात नको घालू! मृणाल!"

"ओरडते काहून? धुतलेलाच आहे हात."

हेमंतने तिचं मनगट धरलं. तिला काही कळलं नाही, ती हसत होती. त्याची बोटं तिच्या मनगटाभोवती मी स्पष्ट पाहिली, त्या पाण्यातून सगळं स्पष्टच दिसायचं. तो तिला ओढत होता की आवरत होता? देवाशपथ, मला कळलं नाही. तिचा हात पाण्याकडे खाली येत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांचा संसार, त्याच्या एका नजरेवरून मला भाजीत मीठ कमी आहे की दुकानात भांडण झालं ते कळायचं. त्या नजरेतलं मला काहीच कळलं नाही.

आत जायला वेळ नव्हता. बैठकीतल्या भिंतीशी त्याचा मोठा पाइपपाना पडला होता. मी तो दोन्ही हातांनी उचलला आणि काचेवर मारला. पहिल्या घावाला काच तडकली. दुसरा मारताना मी डोळे मिटून घेतले.

पाणी अंगावर आलं, गुडघ्यांवरून गेलं, दिवाणखाली, दाराबाहेर. पोवळी फरशीवर फुटली. मी भोकातून आत पाहिलं. आतली खोली, खुर्ची, कॅलेंडर, आणि तोंडाचा आ वासून उभी माझी पोरगी. दुसरं कोणी नाही.

मी तशीच काचांवरून आत धावली आणि तिचा हात उलटासुलटा करून पाहिला. कोरडा होता. मी त्याला नाक लावलं. तिच्या घामाचा, गाडीच्या धुळीचा वास आला. मी तो हात छातीशी धरला.

बैठकीत फरशीवर कुठेतरी फडफड ऐकू येत होती. दिसत काही नव्हतं. सासूबाई स्टुलावरून उतरून त्या पाण्यात बसल्या होत्या आणि दोन्ही हातांनी, काचा लागत होत्या तरी, ओंजळीत पाणी गोळा करत होत्या. बोटांच्या फटीतून ते गळत होतं, त्या पुन्हा भरत होत्या.

"आई, वेडी झालीस का तू?" मृणाल रडायला लागली होती. "काय केलंस हे! बाबांना काय सांगशील आता?"